अंधारात फोकस कोण शोधतं?

माझा भाचा बोरिवलीला राहतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एकांकिकांचं त्याला वेड आहे. स्टेजवर मात्र जात नाही. विंगेत किंवा पहिल्या रांगेपुढे खाली बसून फोटो काढतो. आजवर मित्राचा कॅमेरा उसना घेऊन भागत होतं. यंदा गणपतीत त्याने साठवलेले पैसे मोजले, त्यात आजीने दिलेले घातले आणि मला फोन लावला.

‘‘मामा, एवढ्या पैशात दुकानात नवाकोरा डीएसएलआर येतोय. बॉक्सपॅक, वॉरंटीसकट. आणि घाटकोपरला लग्नाचे फोटो काढणारे एक काका आहेत, ते त्यांची जुनी बॉडी विकतायत. निकॉन डी७२००. आई म्हणते, पैसे घालायचेच तर नवीन घे, दुसऱ्याने वापरलेलं कशाला? तू सांग.’’

फोनवर मी काहीच सांगितलं नाही. ‘‘रविवारी ये, बघू,’’ एवढंच म्हटलं. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, जे म्हणत होती ते फ्रिज किंवा मिक्सरच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत ते कधी खरं असतं आणि कधी नसतं, हे समजायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत पैसेही गेले.

मी मुलुंडला राहतो, तो बोरिवलीला. आमच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं. त्याच्या कडेला आरे आहे. आरेच्या पाड्यांमध्ये काढलेला एक फोटो मी त्याला सगळ्यात आधी दाखवला. नयन खानोलकर यांचा, ‘द अ‍ॅली कॅट’ नावाचा. रात्रीची वेळ, घरांमधली चिंचोळी वाट, पिवळट उजेड आणि त्या वाटेने आपल्याच घरी चालल्यासारखा निघालेला बिबट्या. २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक या फोटोला मिळालं. वारली माणसं आणि बिबटे एकाच वस्तीत शेजारी म्हणून कसे राहतात, ते खानोलकरांना दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी बिबट्याला चौकट भरू दिली नाही, घरंही तितकीच दिसू दिली. गल्लीत एरवी जसा उजेड पडतो तसाच पडावा अशा बेताने फ्लॅश लावले. कॅमेरा बसवून ठेवला आणि वाट पाहिली. हवा तो फोटो चार महिन्यांनी मिळाला.

भाच्याने विचारलं, ‘‘कॅमेरा कुठला होता?’’

निकॉन डी७०००. २०१० साली बाजारात आलेली, सोळा मेगापिक्सेलची बॉडी. बक्षीस मिळालं तेव्हा तिच्यानंतरची डी७१०० येऊन तीन वर्षं झाली होती आणि डी७२०० येऊन दीड. लेन्स होती १८-१०५, म्हणजे जिला आपण कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स म्हणून नाक मुरडतो ती. आयएसओ ५००, शटर एक-विसांश सेकंद, तीन फ्लॅश, आणि वाटेत आडवा लावलेला इन्फ्रारेडचा किरण. बिबट्याने तो तोडला की कॅमेरा आपोआप चालणार.

‘‘म्हणजे जुनाच घ्यायचा,’’ तो लगेच म्हणाला.

त्याला म्हटलं, थांब. हा फोटो नीट वाच. यात उजेड माणसाने आणलाय. फोकस आधीच ठरवून ठेवलाय. बिबट्या कुठून येणार, कुठे पोचल्यावर शटर पडणार, सगळं आधी आखलेलं. त्या क्षणी कॅमेऱ्याला स्वतःच्या डोक्याने काही शोधावं लागलं नाही. अशा कामाला पंधरा वर्षांपूर्वीची बॉडी आजही पुरते, आणखी दहा वर्षांनीही पुरेल.

दुसरं उदाहरण अंधेरीचं. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅन्ली का डब्बा’ २०११ मध्ये प्रदर्शित झाला. अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत, शनिवारी-शनिवारी मुलांच्या कार्यशाळा घेत तो चित्रित झाला आणि अमोल गोळे यांनी तो कॅनन ७डीवर टिपला. ती २००९ ची, अठरा मेगापिक्सेलची बॉडी. हातात मावेल एवढ्या त्या डब्याने मुलांना बुजवलं नाही, मोठ्या सिनेमा कॅमेऱ्याने कदाचित बुजवलं असतं. पण ७डीला चित्रफीत घेताना चालत्या माणसामागे फोकस नेता येत नाही, ते काम हाताने करावं लागतं. एक फाइल चार जीबीची झाली की, म्हणजे साधारण बारा मिनिटांत, चित्रीकरण थांबतं. इथेही फोकस माणसाकडेच होता, आणि त्या माणसाला ते काम येत होतं.

जुनी बॉडी आणि नवी बॉडी यांच्यात निवड करताना मी पहिला प्रश्न आता हाच विचारतो. फोकस कोण शोधणार, तू की कॅमेरा? आणि किती उजेडात?

भाच्याचं उत्तर सरळ होतं. कॅमेऱ्याने शोधायचा, आणि उजेड फारसा नसणार. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह असो की मुलुंडचं कालिदास, एकांकिकेत निम्मा वेळ स्टेजवर निळा अंधार असतो आणि त्यात एखादा स्पॉट. नट त्या स्पॉटमध्ये येतो, बोलतो आणि बाहेर जातो. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर तीच गत, वर माणसं गोल फिरत असतात.

कॅमेरा किती अंधारात फोकस शोधू शकतो याचा आकडा कंपन्या पुस्तिकेत छापतात, पण दुकानात तो कोणी विचारत नाही. सगळे मेगापिक्सेल विचारतात. हा आकडा ‘ईव्ही’मध्ये असतो आणि एक पायरी खाली म्हणजे उजेड निम्मा. दुकानातल्या ज्या नव्याकोऱ्या बॉडीवर भाच्याची आई अडून बसली होती ती कॅनन १५००डी. तिची मर्यादा शून्य ईव्ही. डी७०००ची उणे एक. घाटकोपरच्या काकांच्या डी७२००ची उणे तीन. उणे तीन म्हणजे ढोबळमानाने पौर्णिमेच्या चांदण्यातला उजेड. शून्य ते उणे तीन या तीन पायऱ्या आहेत, म्हणजे १५००डी जिथे हात टेकते त्याच्या एक-अष्टमांश उजेडातही डी७२०० फोकस शोधते. पहिलीला फोकसचे नऊ बिंदू आहेत, दुसरीला एक्कावन्न.

आता साल बघा. १५००डी बाजारात आली २०१८ मध्ये आणि डी७२०० मार्च २०१५ मध्ये. खोक्यावरच्या तारखेने पहिली तीन वर्षांनी तरुण. पण तिच्यातली नऊ बिंदूंची फोकस यंत्रणा स्वस्त बॉडींमध्ये त्याआधी कित्येक वर्षं फिरत होती. दुकानातली नवी बॉडी म्हणजे नव्या काळातली बॉडी नव्हे. कंपनी वरच्या वर्गाच्या बॉडीत आज जे घालते ते खालच्या वर्गात उतरायला पाच-सात वर्षं लागतात, कधी उतरतही नाही. त्यामुळे तेवढ्याच पैशात खालच्या वर्गाची कोरी बॉडी आणि वरच्या वर्गाची वापरलेली बॉडी समोर असतील तर मी सहसा दुसरीच्या बाजूने असतो. वरच्या वर्गात डोळा लावायच्या खिडकीमागे काचेचा भरीव लोलक असतो, खालच्या वर्गात आरशांची जुळवणी. त्या जुळवणीतून दिसणारं चित्र लहान आणि मळकट असतं, आणि अंधाऱ्या नाट्यगृहात हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. शिवाय वरच्या वर्गात शटर आणि अ‍ॅपर्चर यांना दोन वेगळी चाकं असतात, डोळा न काढता दोन्ही फिरवता येतात.

हे सगळं सांगून त्याला पटलं नसतं. काकांनी ती बॉडी एका संध्याकाळपुरती वापरून बघायला दिली, तेव्हा पटलं. कॉलेजच्या एकांकिकेची रंगीत तालीम होती. मित्राची उसनी बॉडी योगायोगाने १५००डीच होती. निळ्या प्रकाशात तिची लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे शोधत राहायची आणि तोवर नट वाक्य संपवून वळलेला असायचा. डी७२००वर तोच प्रवेश. काही फोटो हलले, काही चुकले. पण चुकले ते त्याच्या चुकीने, कॅमेऱ्याने हात वर केले म्हणून नव्हे. घरी येऊन त्याने फोटो लॅपटॉपवर टाकले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आवाजाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. आरसा उचलला जाण्याचा तो खटॅक आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो आणि नटाची लय मोडतो. डी७००० आणि तिच्यापुढच्या बॉडींमध्ये आवाज दाबायची सोय आहे, पण दाबला तरी तो उरतोच. म्हणून मी त्याला बजावलं की प्रयोगात नाही, रंगीत तालमीत फोटो काढायचे. तिथे प्रेक्षक नसतात, दिग्दर्शकाला विचारून अगदी स्टेजच्या कडेपर्यंत जाता येतं. ज्याला चालू प्रयोगातच फोटो काढायचे आहेत त्याने डीएसएलआरचा विचार सोडावा आणि आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा घ्यावा.

मेगापिक्सेलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. निकॉन डी९० ही २००८ ची बॉडी, बारा मेगापिक्सेलची. तिचा फोटो ४२८८ बाय २८४८ ठिपक्यांचा. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं पान बारा बाय अठरा इंचांचं. भागाकार केला की इंचाला २३८ ठिपके येतात, हातात धरून बघायच्या पानाला तेवढे पुरतात. चोवीस मेगापिक्सेलची बॉडी याच पानावर ३३३ ठिपके देते. कापून-छाटून घ्यायला मोकळीक मिळते, एवढाच काय तो फरक.

मेगापिक्सेलने फारसा फरक पडत नाही, पण सावलीतल्या भागाने पडतो. जुन्या कॅननच्या फोटोत काळोख्या जागा संगणकावर उजळल्या की त्यात पट्टे आणि दाणे उठतात. कारण सेन्सरवरून आलेला सिग्नल आकड्यांत बदलण्याचं काम सेन्सरच्या बाहेर, वेगळ्या चिपवर व्हायचं आणि वाटेत त्यात खरखर मिसळायची. २०१६ पासून ८०डी आणि ५डी मार्क ४ मध्ये हे काम सेन्सरवरच होऊ लागलं आणि सावल्या स्वच्छ झाल्या. निकॉनच्या डी७०००मध्ये त्या २०१० सालीच स्वच्छ होत्या. म्हणून कॅननमध्ये २०१६ च्या आधीची आणि नंतरची बॉडी यांत मी जितका फरक करतो तितका निकॉनमध्ये करत नाही. उलट घरातल्या लहान मुलांच्या चित्रफितीच घ्यायच्या असतील तर मी कॅनन सुचवतो, तीही २०१३ ची ७०डी किंवा त्याच वर्गातली त्यापुढची. तिथून चित्रफितीतला फोकस न अडखळता चालू लागला.

आता जिथे माणसं खरोखर फसतात ती जागा. ती बॉडीत नसते, बॉडी आणि लेन्स यांच्या सांध्यात असते. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की कुठलीही लेन्स कुठेही चालते. बसते सगळीकडे, चालत नाही. जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने ती फिरवते. डी९०, डी७०००, डी७२०० यांच्यात ती मोटर आहे. डी३५००, डी५६०० यांच्यात नाही, तिथे वडिलांच्या काळातल्या लेन्स हातानेच फिरवाव्या लागतात. आता उलटा प्रकार पाहा. डी३५०० सोबत येणारी ‘एएफ-पी’ जातीची किट लेन्स डी७०००ला लावली तर फोकस होतच नाही, हातानेही नाही, कारण तिच्या कड्याला आत थेट जोड नाही. आणि पक्षी टिपणाऱ्यांची लाडकी २००-५०० ही लेन्स डी९०वर चढते, पण तिचं अ‍ॅपर्चर विजेच्या इशाऱ्यावर मिटतं आणि डी९०ला तो इशारा देता येत नाही. कायम पूर्ण उघडंच राहतं.

हा शेवटचा घोळ मला भांडुप पंपिंग स्टेशनला कळला. हिवाळ्यातली सकाळ, समोर चिखलात शेकाटे आणि तुतवार, शेजारी एक गृहस्थ. नुकतीच घेतलेली ती भलीमोठी लेन्स आणि जुनी डी९०. सगळे फोटो पांढरेफटक येत होते आणि लेन्स खराब निघाली असं त्यांना वाटत होतं. लेन्स उत्तम होती, जोडी चुकली होती. विकणाऱ्याने एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांची ती सकाळ वाचली असती.

नवं म्हणजे सगळं वाढलेलं, असंही नाही. डी७२००नंतर २०१७ मध्ये डी७५०० आली. फोटोंचा वेग वाढला, सेकंदाला आठ. ट्यूबलाइटची थरथर ओळखायची सोय आली. पण कार्डाची एक खाच काढून टाकली, दोनाची एक झाली. लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला मी डी७५०० कधीच सुचवणार नाही. कार्ड बिघडलं तर मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत.

ट्यूबलाइटचा मुद्दा मात्र तिच्या बाजूचा आहे आणि तो मोठा आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी बंदिस्त कोर्टावर बॅडमिंटनचे फोटो एक-हजारांश सेकंदाने काढा. दिवे अशा जातीचे असतील तर एक फोटो उजळ, दुसरा तपकिरी, तिसऱ्यात अर्धं कोर्ट काळं. कॅननच्या ७डी मार्क २ मध्ये २०१४ साली आणि निकॉनच्या डी५००, डी७५०० मध्ये त्यानंतर अशी सोय आली की कॅमेरा ती थरथर मोजतो आणि उजेड शिगेला असतानाच शटर सोडतो. खेळ टिपणाऱ्याने ही सोय नसलेली बॉडी घेऊच नये. नाटकवाल्याला तेवढी गरज नाही. त्याने शटर एक-शतांशवर ठेवलं तर उजेडाचं एक अख्खं आवर्तन चौकटीत येतं आणि रंग ठरलेला राहतो.

बहिणीचा शेवटचा आक्षेप रास्त होता. ‘‘अरे, आता हे डीएसएलआर बंदच होतायत ना? मग कशाला?’’ तिचं म्हणणं खोटं नाही. निकॉन आणि कॅनन दोघांनी २०१८ मध्ये नव्या मिररलेस मालिका काढल्या. निकॉनची डी६ आणि कॅननची १डी एक्स मार्क ३ या २०२० मधल्या बॉडींनंतर त्यांच्या अव्वल वर्गात नवी डीएसएलआर आली नाही. लग्नाचे फोटो काढणारे एकामागून एक मिररलेसकडे चाललेत. म्हणूनच तर त्यांच्या जुन्या बॉडी आणि त्याहून मोलाच्या लेन्स आज विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात. घेताना मी फक्त एक पाहतो, बॉडी बंद झाली तरी तिचं खाणंपिणं चालू आहे का. डी७०००बरोबर २०१० मध्ये आलेली ईएन-ईएल१५ बॅटरी थोड्या सुधारणांनिशी निकॉनच्या मिररलेस बॉडींमध्येही चालत आली. कॅननची एलपी-ई६ तशीच, २००८ च्या ५डी मार्क २ पासूनची. डी७२००ला साधं एसडी कार्ड चालतं, ते स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानातही मिळतं. ७डीला सीएफ कार्ड लागतं, ते शोधत फोर्टात बोराबाजारपर्यंत जायची तयारी ठेवा.

बॉडी घेण्याआधी तपासायला घाटकोपरला आम्ही भर दुपारी गेलो, उजेड हवा म्हणून. काका आदबीने वागले, चहा आला, पण मी बॉडी हातात घेतल्यावर वीस मिनिटं खाली ठेवली नाही. आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो, अ‍ॅपर्चर बावीसवर, फोकस मुद्दाम बिघडवून. सेन्सरवरची धूळ आणि तेलाचे थेंब यातच दिसतात. तेल ही काल्पनिक भीती नाही. २०१२ च्या डी६००मध्ये सेन्सरवर डाग पडायचे आणि निकॉनला शेवटी त्यांची शटर फुकट बदलून द्यावी लागली. मग एक फोटो लॅपटॉपवर घेऊन शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललंय तो आकडा, पाहिला. निकॉन हा आकडा प्रत्येक फोटोच्या नोंदीत लिहून ठेवतं. कॅननच्या बहुतेक बॉडींना त्यासाठी वायर लावून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. डी७२००चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं असतं. इथे आकडा बासष्ट हजार होता. लग्नवाल्याच्या मानाने कमी. काका म्हणाले, ‘‘ही माझी दुसरी बॉडी होती, वरमाला झाली की बॅगेत.’’ दोन्ही खाचांत कार्ड घालून पाहिलं, फ्लॅश लावून पाहिला, पकडीचं रबर सुटलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. मूळ बिल मागितलं आणि त्यावरचा नंबर बॉडीच्या तळाशी जुळवला.

सोबत ते एक लेन्सही देत होते. मोबाइलचा टॉर्च मागून लावला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. बुरशी. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमटपणात कपाटातल्या लेन्सला ती धरतेच. मी स्वतः एक उत्तम लेन्स अशीच गमावली आहे. चामड्याच्या पाकिटात घालून पावसाळाभर माळ्यावर ठेवली होती, आणि चामडं ओल धरून ठेवतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. काकांना टॉर्चमधून दाखवलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं, वाईट वाटलं त्यांना. लेन्स आम्ही तिथेच ठेवली. बॉडी घेतली आणि उरलेल्या पैशांतून येताना हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल.

ज्या घरात असं वीस मिनिटं तपासून बघणारं कोणी नाही आणि विचारायलाही कोणी नाही, त्यांनी खुशाल दुकानातून बिलासकट नवी बॉडी घ्यावी. त्यांच्या बाबतीत माझ्या बहिणीचंच म्हणणं बरोबर आहे.

लेन्सचं काय, हा प्रश्न उरला होता. माझ्या कपाटात फिल्मच्या एफ८०बरोबर घेतलेली पन्नास मिलिमीटर, १.८ अ‍ॅपर्चरची लेन्स होती, मोटर नसलेली. टॉर्च लावून पाहिली, स्वच्छ निघाली. भाच्याने ती बॉडीवर चढवली, खट् असा आवाज होईपर्यंत फिरवली आणि खिडकीशी दिवाळीचा कंदील बांधत बसलेल्या आजीकडे रोखली. दिवे अजून लावले नव्हते. बॉडीतली मोटर घर्र करून फिरली आणि थांबली. आजीने वर पाहिलं. ‘‘हा कसला आवाज रे?’’